थकव्याचे मोजमाप : तंतुकणिकांवरील संशोधन आणि एक दुर्लक्षित आजार

कोणत्याही देशाचे आरोग्य नियोजन आकडेवारीवर उभे असते. क्षयरोगाची नोंद थुंकीच्या तपासणीवरून होते, मधुमेहाची रक्तातील साखरेवरून आणि रक्तक्षयाची हिमोग्लोबिनच्या प्रमाणावरून. तपासणी आहे म्हणून नोंद आहे, नोंद आहे म्हणून कार्यक्रम आहे आणि कार्यक्रम आहे म्हणून अंदाजपत्रकात तरतूद आहे. परंतु ज्या आजाराचे निदान करणारी कोणतीही निर्णायक तपासणी उपलब्ध नाही, तो आजार या साखळीच्या पहिल्याच कडीपाशी अडतो. त्याचे रुग्ण असतात, त्यांचा रोजगार बुडतो, कुटुंबाचा खर्च वाढतो. मात्र शासकीय हिशोबात त्यातील काहीही उमटत नाही.

दीर्घकालीन थकवा लक्षणसमूह, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम, हे अशा आजाराचे ठळक उदाहरण होय. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस हे त्याचे दुसरे नाव असून आंतरराष्ट्रीय साहित्यात दोन्ही नावे जोडून ‘एमई/सीएफएस’ असा उल्लेख केला जातो. गेल्या दीड-दोन दशकांत या आजाराचा शोध पेशीतील ऊर्जानिर्मिती केंद्रांपर्यंत, म्हणजे तंतुकणिकांपर्यंत पोहोचला आहे. हे संशोधन नेमके काय सांगते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि सार्वजनिक धोरणाच्या दृष्टीने, विशेषतः भारतासाठी, त्याचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजाराचे स्वरूप

थकवा हा सर्वांच्याच अनुभवाचा विषय आहे आणि या आजाराविषयीच्या गैरसमजाचे मूळही तेथेच आहे. सामान्य थकवा विश्रांतीने जातो. या आजारातील थकवा विश्रांतीने जात नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात निदानाचे निकष स्पष्ट केले आहेत. त्यानुसार तीन लक्षणे अनिवार्य आहेत. पहिले, पूर्वी सहज होणारी कामे करण्याच्या क्षमतेत सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारी लक्षणीय घट आणि तिच्या जोडीला नव्याने उद्भवलेला तीव्र थकवा. दुसरे, श्रमानंतर प्रकृती ढासळणे. तिसरे, झोपेनंतरही ताजेतवाने न वाटणे. याखेरीज स्मरणशक्ती व एकाग्रतेतील बिघाड किंवा उभे राहिल्यावर लक्षणे वाढणे, यांपैकी किमान एक लक्षण आवश्यक मानले आहे.

यातील दुसरे लक्षण या आजाराची खरी ओळख आहे. थोडेसे शारीरिक किंवा बौद्धिक श्रम झाले की रुग्णाची प्रकृती लगेच अथवा काही तासांनी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी, बिघडते आणि ती सावरण्यास अनेक दिवस, क्वचित आठवडेही लागतात. एखाद्या दिवशी बाजारहाट केला की पुढचे तीन-चार दिवस अंथरुणावर काढावे लागतात. सदर अहवालानुसार किमान एक चतुर्थांश रुग्ण आजाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर घरापुरते किंवा अंथरुणापुरते मर्यादित होतात. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे आणि पुष्कळदा आजाराची सुरुवात एखाद्या संसर्गजन्य तापानंतर झालेली आढळते.

नावांचा आणि उपेक्षेचा इतिहास

१९३४ मध्ये लॉस एंजेलिस येथील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांमध्ये पोलिओसदृश, पण पोलिओहून वेगळ्या आजाराची साथ आली. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात सुमारे ३०० जणांना, प्रामुख्याने कर्मचाऱ्यांना, अशाच आजाराने ग्रासले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. त्यानंतर मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस हे नाव रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात १९६९ पासून हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांमध्ये समाविष्ट आहे.

तथापि, १९७० मध्ये दोन ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी रॉयल फ्री रुग्णालयातील साथ हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असल्याचे प्रतिपादन केले. त्यांनी रुग्णांना प्रत्यक्ष तपासले नव्हते; त्यांचा निष्कर्ष जुन्या नोंदींवर आधारलेला होता आणि रुग्णांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी असणे हे त्यांच्या युक्तिवादातील एक कारण होते. या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. १९८० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील नेवाडा राज्यात, लेक ताहो परिसरात, अशाच रुग्णांचा समूह आढळल्यानंतर १९८८ मध्ये ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव देण्यात आले. नावात केवळ थकव्याचा उल्लेख असल्यामुळे आजाराचे गांभीर्य आणखी झाकले गेले, अशी टीका पुढे झाली.

तंतुकणिका : रचना आणि कार्य

संशोधनाची दिशा समजून घेण्यासाठी तंतुकणिकेची ओळख आवश्यक आहे. तंतुकणिका हे पेशीतील दुहेरी पटलाचे अंगक आहे. तिच्या आतील पटलाला असंख्य घड्या असतात व या घड्यांवरच ऊर्जानिर्मितीची यंत्रणा बसविलेली असते. सुमारे दीड अब्ज वर्षांहूनही पूर्वी स्वतंत्रपणे जगणारा जिवाणू दुसऱ्या पेशीत सामावला गेला आणि त्यातून तंतुकणिका निर्माण झाली, हा सिद्धांत लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये सविस्तर मांडला. आज तो सर्वमान्य आहे. या उगमामुळेच तंतुकणिकेत स्वतःचा डीएनए असतो. मानवी तंतुकणिकेतील या डीएनएमध्ये ३७ जनुके असून तो केवळ मातेकडून अपत्याकडे येतो.

अन्नातील ग्लुकोजचे पेशीद्रव्यात प्रथम पायरुवेटमध्ये रूपांतर होते. या टप्प्यावर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे, म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेटचे, केवळ दोन रेणू निव्वळ शिल्लक राहतात. पायरुवेट तंतुकणिकेत शिरून ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे पूर्ण ज्वलन झाल्यास हीच संख्या ३० ते ३२ पर्यंत जाते. तंतुकणिकेच्या आतील पटलावर प्रथिनांचे चार संकुल इलेक्ट्रॉन पुढे पुढे सोपवितात आणि त्या प्रक्रियेत हायड्रोजनचे धनभारित कण पटलापलीकडे साठविले जातात. धरणात अडविलेले पाणी जसे जनित्र फिरविते, तसे हे साठलेले कण पाचव्या संकुलातून परत येताना एटीपी तयार होते. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली व त्याबद्दल त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाचव्या संकुलाचे कार्य उलगडल्याबद्दल पॉल बॉयर व जॉन वॉकर यांना १९९७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

एटीपीला ऊर्जेचे चलन म्हटले जाते आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही उपमा अधिक खोलवर समजू शकेल. शरीरात कोणत्याही क्षणी असलेला एटीपीचा साठा अत्यल्प असतो. मात्र दिवसभरात तयार होणाऱ्या व खर्च होणाऱ्या एटीपीचे एकूण वजन जवळपास शरीराच्या वजनाइतके भरते. एकच रेणू दिवसातून शेकडो वेळा वापरला जाऊन पुन्हा भारित होतो. म्हणजे येथे चलनाच्या साठ्यापेक्षा त्याच्या परिभ्रमणाच्या वेगाला महत्त्व आहे. हा वेग मंदावला तर साठा वरकरणी पुरेसा दिसूनही मागणी वाढताच व्यवहार ठप्प होतात. विश्रांतीच्या अवस्थेत केलेल्या नेहमीच्या रक्ततपासण्या सर्वसाधारण येतात आणि तरीही रुग्ण जिना चढू शकत नाही, हे कोडे या दृष्टीने पाहिल्यास काहीसे सुटते.

तंतुकणिकांचे मूळ विकार आणि एमई/सीएफएस

तंतुकणिकेतील बिघाडामुळे रोग होतो, हे प्रथम १९६२ मध्ये स्वीडनच्या रॉल्फ लुफ्त व सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या अभ्यासातून दाखविले. १९८१ मध्ये केंब्रिज येथे मानवी तंतुकणिकेतील डीएनएचा १६,५६९ जोड्यांचा संपूर्ण क्रम वाचण्यात आला आणि १९८८ मध्ये या डीएनएतील दोषांमुळे स्नायू व दृष्टीचे विकार होतात, हे सिद्ध झाले. हे विकार आनुवंशिक व दुर्मीळ आहेत.

एमई/सीएफएस हा या अर्थाने तंतुकणिकेचा मूळ विकार नाही, ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. तंतुकणिकेच्या डीएनएतील रोगकारक म्हणून ज्ञात असलेले दोष या रुग्णांमध्ये सामान्यतः आढळत नाहीत, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणून संशोधकांपुढील प्रश्न वेगळा आहे. यंत्र जन्मतः सदोष नसेल, तर संसर्गानंतर त्याचे काम कशामुळे मंदावते?

संशोधनाचा आढावा

या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या मार्गांनी शोधली आहेत. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील रॉबर्ट नेव्हियाँ यांच्या गटाने ४५ रुग्ण व ३९ निरोगी व्यक्तींच्या रक्तातील ६०० हून अधिक चयापचयजन्य घटक तपासले. रुग्णांमध्ये ज्या घटकांचे प्रमाण बिघडलेले होते, त्यांपैकी बहुसंख्य घटक कमी झालेले होते. प्रतिकूल परिस्थितीत काही सूक्ष्म कृमी आपला चयापचय मंद करून तग धरतात, त्या अवस्थेशी संशोधकांनी याची तुलना केली. त्याच वर्षी नॉर्वेतील बर्गन येथील ऑयस्टाइन फ्लुगे व ओलाव्ह मेल्ला यांच्या गटाने २०० रुग्ण व १०२ निरोगी व्यक्तींच्या अभ्यासातून पायरुवेटला तंतुकणिकेतील ज्वलनचक्रात प्रवेश देणाऱ्या विकराच्या कार्यात अडथळा असल्याचे संकेत दिले. घरात इंधन आहे, पण चुलीपर्यंत पोहोचत नाही, अशी ही स्थिती म्हणता येईल.

२०१९ मध्ये स्टॅनफर्ड येथील रॉन डेव्हिस यांच्या गटाने २० रुग्ण व २० निरोगी व्यक्तींच्या रक्तपेशींना क्षाराचा ताण देऊन त्यांचा विद्युत प्रतिसाद मोजला. क्षार बाहेर टाकण्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. या ताणाखाली रुग्णांच्या पेशींचा प्रतिसाद स्पष्टपणे वेगळा आढळला. २०२० मध्ये मेलबर्न येथील ला ट्रोब विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णांच्या पांढऱ्या पेशींपासून वाढविलेल्या पेशींमध्ये पाचव्या संकुलाची कार्यक्षमता कमी असल्याचे नोंदविले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधील पॉल ह्वांग यांच्या गटाने एका महिला रुग्णाच्या अभ्यासापासून सुरुवात करून डब्ल्यूएएसएफ-३ या प्रथिनाचा माग काढला. हे प्रथिन वाढल्यास तंतुकणिकेतील संकुलांची जुळणी बिघडते. पुढे रुग्णांच्या एका लहान गटाच्या स्नायूंतही त्याचे प्रमाण अधिक आढळले.

२०२४ मध्ये ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी दीर्घ कोविडच्या, श्रमानंतर प्रकृती ढासळणाऱ्या २५ रुग्णांचा व २१ निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सायकल चालविण्यापूर्वी आणि नंतर मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म नमुने घेण्यात आले. श्रमानंतर रुग्णांच्या स्नायूंत तंतुकणिकांचे कार्य घटलेले व ऊतींना इजा झालेली दिसली. रुग्ण जे वर्षानुवर्षे सांगत होते, त्याचा भौतिक पुरावा यामुळे स्नायूच्या नमुन्यात दिसला. हेच या अभ्यासाचे महत्त्व होय.

पुराव्याच्या मर्यादा

तथापि, या निष्कर्षांचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. पहिली मर्यादा नमुन्याच्या आकाराची आहे. वीस-पंचवीस व्यक्तींवरील अभ्यासातून दिशा मिळते. निदानाची चाचणी सिद्ध होत नाही. दुसरी मर्यादा कार्यकारणभावाची आहे. दीर्घकाळ हालचाल कमी झाल्यास निरोगी व्यक्तीच्या स्नायूंतील तंतुकणिकाही घटतात. त्यामुळे बिघाड हे आजाराचे कारण आहे की परिणाम, हे केवळ एकवेळच्या तुलनेतून ठरत नाही. तिसरी मर्यादा पुनरावृत्तीची आहे. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये पांढऱ्या पेशींतील एटीपीवर आधारित एक तपासणी सुचविण्यात आली होती. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने ती पडताळली असता रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्यात फरक करता आला नाही.

या क्षेत्राने याहून मोठे अपेक्षाभंगही पाहिले आहेत. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूचा या आजाराशी संबंध असल्याचा दावा प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतील दूषित नमुने हे त्यामागील कारण असल्याचे पुढे स्पष्ट होऊन २०११ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. नॉर्वेतील रिटुक्सिमॅब या औषधाच्या प्रारंभिक चाचण्या आशादायक होत्या. मात्र १५१ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत औषधाचा उपयोग झाला नाही, हे २०१९ मध्ये त्याच संशोधकांनी जाहीर केले. ऑगस्ट २०२५ मध्ये एडिंबरा येथून प्राथमिक स्वरूपात जाहीर झालेल्या डीकोडएमई प्रकल्पात १५,५७९ रुग्णांच्या जनुकीय नमुन्यांवरून आठ जनुकीय क्षेत्रे निश्चित करण्यात आली. त्यांचा संबंध प्रामुख्याने रोगप्रतिकारक संस्था व मज्जासंस्थेशी दिसतो. म्हणजे तंतुकणिकेतील मंदी ही बहुधा एका मोठ्या साखळीतील एक कडी असावी.

उपचाराबाबतही हेच म्हणावे लागेल. तंतुकणिकेला साहाय्यक मानल्या जाणाऱ्या कोएन्झाइम क्यू-१० ची दीर्घ कोविडच्या सुमारे १२० रुग्णांवरील डेन्मार्कमधील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निष्प्रभ गोळीपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. ‘पेशींना ऊर्जा देणारी’ म्हणून बाजारात विकली जाणारी पूरके महिनोन्महिने घेणाऱ्या कुटुंबांनी हा निष्कर्ष लक्षात घेणे हिताचे ठरेल. या आजारावर आजमितीस सिद्ध झालेला रोगनिवारक उपचार नाही.

आर्थिक भार आणि संशोधन निधी

आजारांचा भार मोजण्यासाठी जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने ‘विकलांगता-समायोजित जीवनवर्षे’, म्हणजेच डॅली, ही संकल्पना पुढे आणली. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपणात काढलेली वर्षे यांची ती बेरीज आहे. आजारपणाच्या वर्षांना तीव्रतेनुसार शून्य ते एक असा भारांक दिला जातो. उदाहरणादाखल, २५ व्या वर्षी आजारी पडलेली व्यक्ती ४० वर्षे आजारी राहिली आणि भारांक ०.५ धरला, तर गमावलेली वर्षे २० होतात. साठीत दगावलेल्या व ८० वर्षे आयुर्मान अपेक्षित असलेल्या व्यक्तीचे नुकसानही तेवढेच. फरक इतकाच, की दुसरे नुकसान मृत्युनोंदणीत दिसते आणि पहिले कोठेच दिसत नाही.

इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१५ च्या अहवालानुसार अमेरिकेतील रुग्णांची संख्या ८.३६ लाख ते २५ लाख असून त्यांतील ८४ ते ९१ टक्के रुग्णांचे निदानच झालेले नव्हते. वार्षिक आर्थिक नुकसान १७ ते २४ अब्ज डॉलर मानण्यात आले. २०२१-२२ च्या अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात १.३ टक्के प्रौढांनी हा आजार असल्याचे सांगितले. ब्रिटनसाठी २०१४-१५ मधील नुकसानीचा अंदाज ३.३ अब्ज पौंड होता. याउलट अमेरिकेतील शासकीय संशोधन निधी त्या दशकाच्या अखेरीसही वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर इतकाच होता. म्हणजे दर हजार डॉलरच्या नुकसानीमागे संशोधनावर एक डॉलरही खर्च होत नव्हता. रोगभाराच्या प्रमाणात निधी द्यावयाचा झाल्यास तो चौदा पट वाढवावा लागेल, असा निष्कर्ष २०२० मधील एका विश्लेषणात काढण्यात आला. निधी नाही म्हणून मोठे अभ्यास नाहीत, मोठे अभ्यास नाहीत म्हणून तपासणी नाही आणि तपासणी नाही म्हणून निधी नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

चुकीच्या धोरणाची किंमत

मोजमापाच्या अभावी धोरण कसे भरकटते, याचा धडा ब्रिटनने दिला. रुग्ण श्रमांच्या भीतीमुळे व हालचालींच्या अभावी आजारी राहतात, या गृहीतकावर टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढविण्याची उपचारपद्धती आधारलेली होती. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिची शिफारस केली. ६४१ रुग्णांवरील पेस या चाचणीने २०११ मध्ये तिला दुजोरा दिला. या चाचणीच्या खर्चात तेथील श्रम व निवृत्तिवेतन विभागाचाही वाटा होता. पुढे चाचणीतील यशाचे निकष मध्येच शिथिल केल्याचा आक्षेप घेण्यात आला. कायदेशीर लढ्यानंतर २०१६ मध्ये मूळ माहिती खुली झाली आणि तिच्या पुनर्विश्लेषणात दावा केलेला लाभ बराच कमी झाला. व्यायामाने प्रकृती बिघडल्याचे असंख्य रुग्ण सांगत होते. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये नाइसने ही शिफारस मागे घेतली आणि उपलब्ध ऊर्जेच्या मर्यादेत राहून दिनक्रम आखण्याचा सल्ला दिला. शिफारस व तिची माघार यांत चौदा वर्षे गेली. या काळात रुग्णांच्या तक्रारीला पुरावा मानले गेले नाही. ॲमस्टरडॅमसारखा अभ्यास त्या वेळी उपलब्ध असता, तर हा कालावधी कदाचित कमी झाला असता.

भारतीय संदर्भ

भारतात थकव्याची कारणे अनेक आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. क्षयरोग, थायरॉइडचे विकार, मधुमेह व नैराश्य हीदेखील प्रमुख कारणे होत. त्यामुळे थकव्याची तक्रार आली की लोहाच्या गोळ्या देण्याकडे स्वाभाविक कल असतो. परंतु २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला गोव्यातील अभ्यास वेगळेच चित्र दाखवितो. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या या पाहणीत सहभागी २,४९४ स्त्रियांपैकी १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. मात्र या थकव्याचा हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो अल्पशिक्षण, कर्जबाजारीपणा, मानसिक ताण व कौटुंबिक हिंसा यांच्याशी. हा दीर्घ थकवा म्हणजे एमई/सीएफएस नव्हे. त्या निकषांवर ही पाहणी झाली नव्हती. तथापि, थकवा म्हणजे रक्तक्षय हे समीकरण अपुरे आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

संसर्गोत्तर थकव्याचा प्रश्न भारतासाठी अधिक महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातील डब्बो येथील २००६ च्या अभ्यासात तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतर २५३ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. सहा महिन्यांनंतर सुमारे ११ टक्के रुग्ण एमई/सीएफएसच्या निकषांत बसत होते. या तीन संसर्गांपैकी रॉस रिव्हर विषाणू हा चिकुनगुन्याच्याच कुळातील आहे. २००६ मध्ये भारतात चिकुनगुन्याचे सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. पुढे कोविडच्या साथीत देशात सुमारे साडेचार कोटी रुग्णांची अधिकृत नोंद झाली. अमेरिकेतील रिकव्हर प्रकल्पाच्या २०२५ मधील अहवालात संसर्ग झालेल्यांपैकी ४.५ टक्के सहभागी एमई/सीएफएसच्या निकषांत बसले; संसर्ग न झालेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. वयोरचना, लसीकरण व पोषण यांतील फरकामुळे ही टक्केवारी भारताच्या आकड्यांना सरसकट लावणे शास्त्रीय ठरणार नाही. तरीही प्रश्नाची दखल घेण्यास ती पुरेशी आहे. आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर गुंतागुंतीविषयी सर्वसमावेशक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, हे या दिशेने पडलेले एक पाऊल होते.

सामाजिक सुरक्षेची चौकट मात्र या आजाराच्या स्वरूपाशी जुळत नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी निगडित आहे आणि हा रुग्ण बहुधा घरीच असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेतील आजारपणाचा सर्वसाधारण लाभ वर्षाकाठी कमाल ९१ दिवसांचा आहे. या आजाराच्या निदानाला मात्र सहा महिने थांबावे लागते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे. त्यात या आजाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. असंघटित क्षेत्रातील मजुराला तर यांपैकी कशाचाच आधार नसतो. त्याच्या बाबतीत श्रम टाळा हा वैद्यकीय सल्ला म्हणजे मजुरी सोडा असाच होतो. घरकामाचा भार वाहणाऱ्या स्त्रीचे नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबातही येत नाही, कारण तिचे काम मुळात त्यात धरलेलेच नसते.

धोरणाची दिशा

या पार्श्वभूमीवर काही उपाय कमी खर्चात शक्य आहेत. पहिला, आयुष्मान आरोग्य मंदिरांतील वैद्यकीय अधिकारी व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात एमई/सीएफएसची ओळख समाविष्ट करणे. ‘श्रमानंतर दुसऱ्या दिवशी प्रकृती ढासळते काय?’ हा एक प्रश्न विचारण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. दुसरा, राष्ट्रीय पातळीवरील आरोग्य सर्वेक्षणांत मान्य निकषांवर आधारित थोडे प्रश्न जोडणे. तिसरा, डेंग्यू, चिकुनगुन्या व कोविडच्या रुग्णांचा किमान एक वर्ष पाठपुरावा करणारे अभ्यास हाती घेणे.

चौथा उपाय संशोधनाचा आहे आणि त्यासाठी देशात क्षमता आहे. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील के. थंगराज, लालजी सिंग व सहकाऱ्यांनी तंतुकणिकांच्या डीएनएवरून अंदमानातील आदिवासींच्या प्राचीनत्वाचा केलेला अभ्यास २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेत तंतुकणिकांच्या विकारांचा अभ्यास होतो. १०,००० भारतीयांच्या जनुकीय क्रमाची माहिती जानेवारी २०२५ पासून संशोधकांना उपलब्ध झाली आहे. ही साधने संसर्गोत्तर थकव्याच्या अभ्यासाकडे वळविता येतील. पाचवा उपाय, नोकरीच्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने रुजू होणे, लवचीक वेळा व घरून काम यांस मान्यता देणे. प्रशिक्षित कर्मचारी कायमचा गमावण्यापेक्षा हे नियोक्त्यालाही स्वस्त पडते.

समारोप

तंतुकणिकांवरील संशोधनाने या आजाराचे अंतिम कारण अद्याप सांगितलेले नाही आणि उपचारही दिलेला नाही. मात्र ताणाखाली रुग्णांच्या पेशी व स्नायू वेगळे वागतात, हे त्याने दाखविले आहे. यातून उद्या विश्वासार्ह तपासणी निर्माण झाल्यास निदान, नोंदणी, विमा व निधी यांची साखळी आपोआप सुरू होईल. परंतु तपासणी सापडेपर्यंत रुग्णाचे म्हणणे ग्राह्य न धरण्याची किंमत किती मोठी असते, हे ब्रिटनच्या चौदा वर्षांच्या अनुभवाने दाखवून दिले आहे. मोजमापाचे साधन नसणे ही विज्ञानाच्या आजच्या अवस्थेची मर्यादा आहे. ती रुग्णाच्या प्रामाणिकपणाविषयीची शंका ठरू नये. सार्वजनिक आरोग्य धोरणाने हा भेद पाळला, तर आज आकडेवारीबाहेर राहिलेल्या रुग्णांना निदान उपचारकेंद्राच्या दारात तरी नाकारले जाणार नाही.